आजीवन नकाशा

काचेला लावण्याआधी रबरी वाटीला
जराशी थुंकी लावावी लागते,
जानेवारीत दोनदा.
तरी रॉटनच्या उतारावर ती सुटतेच
आणि क्लचच्या मागून, माझ्या बुटांपाशी पडून,
बाई शांतपणे सांगत राहते:
दोनशे यार्डांवर, डावीकडे.

अकरा वर्षं झाली.
औषधांची व्हॅन दोनदा बदलली, ही नाही.
रॉटनला ती व्रॉफ्टन म्हणते. म्हणू दे.
फार्मसीत मला मिस्टर नाइकी म्हणतात.
नाईकधुरे कुणाच्या तरी जिभेवर चढावं
हा हट्ट मी इथल्या दुसऱ्याच हिवाळ्यात सोडला.

स्विंडनच्या त्या मोठ्या गोलावर,
जिथे एका गोलाभोवती आणखी पाच गोल फिरतात,
तिची मात्र त्रेधा उडते.
दुसरा एक्झिट, पहिला, लगेच दुसरा, डावीकडे रहा,
आणि मग गप्प,
अंगातलं उतरावं तशी.
चुकून मी भलतीकडे बाहेर पडलो
तर एवढंच: मार्ग पुन्हा शोधत आहे.
शेजारी शशिप्रभा असती
तर एव्हाना माझ्या आतेभावांपर्यंत पोचली असती.

खोक्यावर लिहिलं होतं: नकाशे आजीवन मोफत.
तीन वर्षांपूर्वी कंपनीने कळवलं, आजीवन संपलं.
मी फोन केला. कुणाचं?
यंत्राचं, सर.
पण ते चालू आहे.
हो सर, चालू आहे. आयुष्य संपलंय.
मुलगी खरंच नम्र होती.
डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागलेला होता.
मी फोन ठेवला आणि वाइपर लावले,
पाऊस नव्हता तरी.

त्यानंतर बायपास झाला. चारशे घरांची वसाहत झाली.
तिला काही माहीत नाही.
मी चाळीसच्या वेगाने नव्या डांबरावरून जातो,
आणि पडद्यावर माझा बाण
कोऱ्या हिरव्या रंगातून, एकटा,
वाट सोडलेल्या गुरासारखा.
जवळच्या रस्त्याकडे चला, ती म्हणते.
जवळच्या रस्त्याकडे चला.
मी आवाज बंद करत नाही.
कुणीतरी काळजी करतंय, करू द्यावी.

माझा मामा पत्ता सांगायचा:
वडाकडसून डावीकडे वळ.
वड वादळात पडून वीस वर्षं झालेली,
बुंधासुद्धा लोकांनी चुलीत घातलेला,
पण सगळा गाव तिथेच वळायचा
आणि कुणी चुकायचं नाही.

वसाहतीच्या टोकाला डोरीन टगवेल राहते, वय एक्क्याण्णव.
पूर्वी बसवर कंडक्टर.
दर गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब.
पहिल्यांदा घर सापडेना तेव्हा फोनवर म्हणाली,
रेल्वेच्या कारखान्याच्या भोंग्याकडे पाठ कर
आणि सरळ ये.
भोंगा कधीच बंद झालाय, मी म्हटलं.
ठाऊक आहे, ती म्हणाली, पण आवाज तिकडूनच यायचा.
मी पाठ केली. सरळ गेलो. घर सापडलं.

परवा तिची टॅक्सी आली नाही.
नियमात बसत नाही, तरी मी तिला व्हॅनमध्ये घेतलं,
नेत्रचिकित्सेला, दहा चाळीसची वेळ.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
बायपासवर लागलो तसा बाण हिरव्यात शिरला.
मी ओशाळलो. जुनं झालंय, म्हटलं,
याला वाटतं आपण शेतातून चाललोय.

ती पुढे वाकली. नाक जवळजवळ पडद्याला.
एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली.
बरोबर आहे, म्हणाली,
हे हॅरी स्पॅकमनचं शेत. आम्ही मशरूम वेचायचो इथे,
सकाळी सहाच्या आत, तो उठण्याआधी.

मग हात पुढे करून, एकदम कंडक्टरच्या आवाजात:
सावकाश.
पुढे फाटक आहे.

आणि मी,
मागे दूधवाल्या टँकरचा हॉर्न वाजत असताना,
ब्रेकवर पाय ठेवला.